लातूरच्या गंजगोलाईत गाड्या बंद केल्या तर? (आणि तुमची दुकानांची लाईन जागेवर आहे का?)

सोळावा_रस्ता

मागच्या रविवारी आईला घेऊन गोलाईत गेलो होतो. बहिणीच्या पोरीचं लग्न ठरलंय. बस्ता सगळे मिळूनच बांधणार, पण आईला त्याआधी "नुसतं बघून" यायचं होतं. ज्यांच्या घरात आई आहे त्यांना हे नुसतं बघणं किती तासांचं असतं ते माहीत आहे.

आई गोलाईत पाट्या वाचत फिरत नाही. तिचा हिशेब वेगळा. मिरचीचा ठसका लागला की वळायचं, गुळाच्या ढेपांवर माश्या दिसल्या की पुढचा रस्ता आपला, ठोकठोक ऐकू आली की भांडी. त्या दिवशी ती तीनदा चुकली. ठसका लागलाच नाही. ज्या तोंडाशी तो लागायचा तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली, शेजारी मोबाईलच्याच काचा बसवणारा, त्याच्या शेजारी सेलचा बोर्ड लावलेलं रेडिमेड. "आरं, ही आपलीच गोलाई ना?" म्हणून ती मधेच थांबली आणि मागून एका चारचाकीनं असा हॉर्न दिला की पिशवी हातातून पडली.

माहिती सगळ्यांना आहे, तरी नव्या लोकांसाठी सांगतो. गोलाईचा आराखडा 1917 चा, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मधली दुमजली गोल इमारत 1945 ची. पोटात जगदंबेचं मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. हे सगळं आखलं तेव्हा रस्त्यावर काय होतं? बैलगाडी, टांगा, डोक्यावर पोतं घेतलेला हमाल.

माझं म्हणणं सरळ आहे. गोल रस्ता आणि प्रत्येक फाट्याची पहिली शंभर पावलं, सकाळी 10 ते रात्री 9 गाड्या बंद. माल रात्री उतरवा. ऑटो बाहेर थांबतील. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया निवांत फिरतील. कुणाकुणाला पटतं?

आणि दुसरा प्रश्न: तुमच्या आठवणीतली कुठली लाईन अजून जागेवर आहे?

औसारोड

पार्किंग कुठं? बाकीचं नंतर बोलू.

बेगड

मधी देवी हाय, भोवती ट्राफिक. आमी त्याला जाम मनतच न्हाई, प्रदक्षिणा घालूलालो मनतो. काल तीन झाल्या. नारळ फोडायचा राह्यला.

माधवी_उ

विषयाला सोडून विचारते, माफ करा. सासूबाईंचे पितळेचे डबे आणि एक घंगाळ आहे. आतून हिरवे पडलेत. लातुरात कल्हई कुठं करून मिळते आता? पूर्वी गल्लीत ओरडत यायचा.

तिसरी_पिढी

सोळावा_रस्ता, तुमची पोस्ट आमच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. आईंचं वाचून वाईट वाटलं. पण आता दुकानदाराचंही ऐका.

आमचं दुकान कापड लाईनीत. आजोबांनी भाड्यानं घेतलेलं, तोंड नऊ फुटांचं आणि आत बोगदा. आजोबांच्या काळी गिऱ्हाईक यायचं ते आडतीवरून. सकाळी माल वजनाला लागला, हमाली-तोलाई कापून पट्टी हातात पडली की माणूस पहिला चहा प्यायचा आणि दुसरा आमच्याकडं यायचा. बायकोला लुगडं, पोराला सदऱ्याचं कापड, उरलं तर धोतरजोडी. उधारी असायचीच. वहीत नाव गावासकट, पैसे पुढच्या सुगीला. आजोबांना औसा, रेणापूर, मुरूड, चाकूरकडच्या गावातली माणसं चेहऱ्यानं नाही, उधारीनं ओळखू यायची.

आता पट्टीचे पैसे बँकेत जातात. वाईट आहे असं म्हणत नाही, चांगलंच आहे. पण खिशात रोकड घेऊन गोलाईतून जाणारा माणूस आणि मोबाईलवर मेसेज आलेला माणूस यांत फरक आहे. दुसरा सरळ घरी जातो. त्याची पोरगी रात्री त्याच मोबाईलवर ड्रेस मागवते, तो गावात पोचता होतो, आणि बसला नाही तर परत न्यायला माणूस येतो. माझ्याकडं पाटी आहे, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." वडिलांनी लावली होती. मागच्या वर्षी मी ती गुपचूप काढली.

नऊवारी मी अजून ठेवतो. वर्षभरात खपतात त्या मोजून सांगता येतील. दुकानाचा पुढचा निम्मा भाग लेगिंग्ज आणि कुर्त्यांचा केला तेव्हा वडील चार दिवस दुकानात आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि लेगिंग्ज विकायला बसले.

आता तुम्ही म्हणता गाड्या बंद. आमचं जे थोडं गिऱ्हाईक राहिलंय ते स्कुटीवर येतं. स्कुटी दुकानासमोर लागली नाही तर ती बाई अंबाजोगाई रोडला जाईल, तिथं तळघरात पार्किंग आणि वर एसी. तुमची आई वर्षातून एकदा लग्नाला येणार. मला दर महिन्याचं बघायचंय.

औसारोड

+1. म्हणूनच मी आधी पार्किंग विचारलं.

पुण्यात_पण_लातूरचा

मी पण गाड्या बंदच्या बाजूनं. पुण्यात लक्ष्मी रोडवर गाड्यांमुळे दिवाळीत काय हाल होतात ते बघतोय. आपली गोलाई किती देखणी आहे. दगडी फरसबंदी, सारख्या रंगाच्या पाट्या, संध्याकाळी दिवे...

बेगड

पुन्याहून फोटू काडायला येणाऱ्यायसाठी बरं होईल.

पुण्यात_पण_लातूरचा

टोमणा पोचला. तरी म्हणणं तेच आहे.

बार्शीलाईट

मी निवृत्त माणूस, वेळ आहे, म्हणून जरा मागं जाऊन लिहितो.

गंज या शब्दाचा अर्थच बाजारपेठ, त्यातही धान्याची. पण बाजार इथंच का वाढला हे बघायचं तर रेल्वेकडं बघा. बार्शी लाईट रेल्वे 1897 ला बार्शीपर्यंत सुरू झाली. अडीच फुटी गेज, खेळण्यातल्यासारखी गाडी. 1911 ला ती लातूरला पोचली आणि 1927 ला दुसरं टोक मिरजेला भिडलं. गोलाईचा आराखडा 1917 चा. म्हणजे आधी रूळ, मग सहा वर्षांनी गोलाई. निजामाच्या मुलखात टोकाला असलेल्या गावातून माल थेट इंग्रजी मुलखात जायला लागला, तेव्हा त्याला बसायला जागा लागली. हा तर्क माझा आहे, कुणी खोडून काढला तर आनंदच.

पुढं गेज बदललं, स्टेशन गावाबाहेर गेलं, रुळांच्या जागी रस्ता झाला. "जुनी रेल्वे लाईन" हे नाव तेवढं राहिलं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आली तेव्हा सगळं गाव टाकीकडं बघत होतं. माझ्या डोक्यात मिरजेच्या जुन्या गाडीची शिट्टी. असो, भरकटलो.

सांगायचं हे की दुकानं दुकानदाराच्या मर्जीनं बदलत नाहीत आणि नगररचनेच्या कागदानंही बदलत नाहीत. माणूस गावात कुठून शिरतो ते बदललं की दुकान बदलतं. रेल्वेनं माणूस आला तेव्हा एक बाजार होता, एष्टीनं आला तेव्हा दुसरा. तिसरी_पिढी यांच्या आजोबांचं गिऱ्हाईक आडतीवरून यायचं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. आता माणूस चार बाजूंच्या रिंगरोडवरून शिरतो आणि गोलाईला वळसा घालून जातो. त्याला आत यायला कारण काय, हा प्रश्न. गाड्या बंद की चालू, हे त्याच्या नंतरचं.

गुलमंडी

संभाजीनगरहून. बार्शीलाईट काकांचं अगदी खरं. आमच्याकडं जुन्या मोंढ्यातला धान्याचा व्यवहार जाधववाडीला गेला, तेव्हा त्याच्यावर जगणारी बारदान, सुतळी, ताडपत्री, खानावळी अशी किती दुकानं हळूहळू गळाली. मोंढा हलवायलाच पाहिजे होता, ट्रक गल्लीत मावत नव्हते. पण मोंढा हलवताना मोंढ्याच्या शेपटीचा विचार कुणी करत नाही.

दुसरीकडं आमची जुनी बाजारपेठ गुलमंडी बघा. मॉल येऊन वर्षं झाली, प्रोझोन 2010 चा. तेव्हा सगळे म्हणाले गुलमंडी संपली. दिवाळीच्या आधी या, पाय ठेवायला जागा सापडली तर सांगा. मॉलमध्ये लोक थंड हवा खातात आणि खरेदीला गुलमंडीत येतात. पार्किंग तिथंही नाही, औसारोड.

वजिराबाद

नांदेडचा अनुभव लिहितो, कारण तुम्ही ज्याची चर्चा करताय ते आमच्याकडं होऊन गेलंय. 2008 ला गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी होती, केंद्राचा पैसा आला आणि रस्ते रुंद झाले. गुरुद्वाऱ्याच्या भोवतीचा भाग ज्यांनी आधी बघितलाय त्यांना विचारा, ओळखू येत नाही. शहराचं भलं झालं, हे मी मान्य करतो. यात्रेकरू वाढले, लॉज वाढले.

पण आमच्या मामांचं दुकान अठरा फूट खोल होतं ते सात फूट राहिलं. किराणा होता. सात फुटांत किराणा होत नाही, पोती कुठं ठेवणार? मग पान-बिस्किट-पाणी बाटली. रस्ता रुंद झाला की दुकानाची खोली जाते, आणि खोली गेली की धंदाच बदलतो. कुणी "आता मोबाईल कव्हरं विकू" असं ठरवत नाही. सात फुटांत तेवढंच मावतं.

तिसरी_पिढी

वजिराबाद, हे पहिल्यांदा कुणीतरी नेमकं लिहिलं.

एफएसआय_वगैरे

रुंदीकरणात गेलेल्या जागेबद्दल रोख मोबदला किंवा त्याऐवजी वाढीव एफएसआय (जास्त बांधकामाची परवानगी), टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सगळं दिलंय. नुसतं नुकसानच होतं असं नाही.

वजिराबाद

नऊ फुटांच्या तोंडावर चार मजले चढवून जिना कुठून काढू? टीडीआर विकता येतो, बरोबर. विकतो मालक. मामा भाडेकरू होते.

गल्लीतला_वकील

भाड्यावरून थोडं. मराठवाड्यात आधी हैदराबादचा 1954 चा भाडे कायदा होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा 1999 चा कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येतं, पण मुळातली रक्कम इतकी लहान की 4 टक्के म्हणजे चहाचे पैसे. मग मालक भिंत दुरुस्त करत नाही, भाडेकरू स्वतःच्या पैशानं दुसऱ्याची भिंत दुरुस्त करत नाही. जुन्या पेठेतल्या अर्ध्या गळक्या छपरांचं कारण एवढंच. आणि ज्या दिवशी भाडेकरू पैसे घेऊन सोडतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन भाडं बाजारभावानं. ते मिरची-मसालेवाल्याला झेपत नाही. मोबाईलवाल्याला झेपतं.

सोळावा_रस्ता

म्हणजे आईचा ठसका भाडे कायद्यानं खाल्ला?

गल्लीतला_वकील

थोडा कायद्यानं, थोडा मॉलमधल्या तयार तिखटाच्या पाकिटानं. तुमच्या घरी कुठलं आहे?

सोळावा_रस्ता

... पाकीटच आहे.

शिस्त

सगळ्या दुखण्याचं मूळ हातगाडे. महापालिका होऊन इतकी वर्षं झाली, 2011 पासून. अतिक्रमण एक दिवस काढतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हातगाडे हटवा, गोलाई आपोआप मोकळी होईल.

गल्लीतला_वकील

इतकं सोपं नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी पाहणी, मग प्रमाणपत्र, मग जागा. पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. जागा ठरवायला शहर पथविक्रेता समिती असते, तीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला. कागदावर कायदा चांगला आहे.

बेगड

शिस्तभाऊ, येळवशीच्या, मंजी येळ अमुशाच्या, आदल्या दिवशी या गोलाईत. भज्जीला चाकवत, वालाच्या शेंगा, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे डहाळे कोन इकतंय? दुकानदार का हातगाडा? आंबिलाला मातीचं बिंदगं कुटं मिळतंय? रस्त्यावर. ते उटवलं की मंग शेतात भज्जी मॉलमधून न्यायची का फ्रोजन?

माधवी_उ

फ्रोजन भज्जी 😂 सासूबाईंना वाचून दाखवलं. कल्हईचं कुणालाच माहीत नाही का पण?

देवणीवाला

बेगड हे नाव वाचून लिहायला बसलो. पोळ्याआधी गोलाईत यायचो आजोबांबरोबर. कासरे, मोरक्या, वेसणी, घुंगरमाळा, झुली, शिंगाला लावायचा बेगड. एकेका कासऱ्याचा पीळ ताणून बघायचे, नको असला तरी दर विचारायचे. आमच्याकडं देवणी बैलांच्या दोन जोड्या होत्या. आता ट्रॅक्टर आहे आणि एक गाय. त्या दुकानात परवा गेलो तर म्हणाला, कासरा आहे पण नायलॉनचा, गाडीवरचा माल बांधायला नेतात लोक. मीही तेवढ्यासाठीच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. दुकान बदललं म्हणून हळहळताना मी माझा गोठा बघत नाही.

ट्युशन_एरिया

मी बारावीला आहे, नीटची तयारी. मूळ गाव हिंगोलीकडं. दोन वर्षांत गोलाईत दोनदा गेले. एकदा गादी, बादली आणि दोरी घ्यायला, पप्पा सोबत होते. दुसऱ्यांदा मैत्रिणीबरोबर, वाट चुकून. आमच्यासाठी लातूर म्हणजे क्लास, मेस, अभ्यासिका आणि झेरॉक्स. तुम्ही "माणूस आत का येईल" विचारताय. आम्ही बाहेरून आलेली किती लेकरं इथं राहतो, आम्हाला कुणी विचारलंय का काय लागतं? बसायला जागा, स्वच्छ बाथरूम, आणि कुणी टक लावून न बघता फिरता आलं तर येऊ की.

तिसरी_पिढी

बेटा, बाथरूमचं तू लिहिलंस आणि मी गप्प झालो. आमच्या लाईनीत कामाला असलेल्या पोरी दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. वीस वर्षं बघतोय, कधी बोललो नाही.

अक्का

गावाकडून येणाऱ्या बायका पण पीत नाहीत. एष्टीतून उतरल्यापासून परत चढेपर्यंत. रस्ता रुंद करा, अरुंद करा, फरशी लावा, आधी ते बघा.

शिस्त

हे मात्र बरोबर. हातगाड्यांचं मागं घेत नाही, पण हे बरोबर.

औसारोड

पार्किंगचं अजून कुणी...

बार्शीलाईट

औसारोड, तुम्ही गोलाईत शेवटचे कधी आलात?

औसारोड

दीड वर्ष झालं. पार्किंग नाही म्हणून.

तिसरी_पिढी

बरं, वाद घातला म्हणून एक केलं. बुधवारी गल्ल्यावर भाच्याला बसवलं आणि प्रत्येक गिऱ्हाईक कसं आलं ते विचारायला सांगितलं. माझा अंदाज, सगळ्या स्कुट्या. संध्याकाळी वही बघितली तर निम्म्याहून जास्त लोक ऑटोनं नाहीतर ष्टँडावरून चालत आलेले. स्कुटीवाल्या लक्षात राहतात कारण त्या दारात लावतात आणि शेजारच्याशी आमची भांडणं होतात. मग बाहेर जाऊन बघितलं, दारासमोर लागलेल्या गाड्या कुणाच्या? एक माझी, दोन शेजारच्यांच्या, एक माझ्याच नोकराची.

एका दिवसाचा हिशेब, तोही बुधवारचा. यावरून मी "गाड्या बंद" म्हणणार नाही. पण आमच्या गाड्या आम्ही सकाळी आणून दिवसभर तिथं लावतो, हे बंद करायला महापालिका लागत नाही. शेजाऱ्यांशी बोललो. एक हो म्हणाला, एकानं माझ्या आजोबांपासूनचं सगळं काढलं.

बेगड

एक हो मनला ना. गोलाईत हे लई झालं.

एफएसआय_वगैरे

शनिवार-रविवार प्रयोग म्हणून बंद करून बघता येईल. लग्नसराईत नको, श्रावणात.

तिसरी_पिढी

श्रावणात चालेल. तेव्हा तसाही माल पडून असतो.

सोळावा_रस्ता

इतकं वाचून माझं मत थोडं सरकलं आहे. शंभर पावलं नको, आधी नुसता आतला गोल घ्या. आणि त्याच्याही आधी अक्का आणि ट्युशन_एरिया म्हणतात ते बाथरूम. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देवणीवाला सोडून कुणी दिलं नाही, त्यांचंही निम्मंच. ते राहू दे.

आज सकाळी आईला परत नेलं, साडेआठला. दुकानं उघडत होती, गाड्या नव्हत्या. आई न चुकता भांड्यांच्या लाईनीत गेली. ठोकठोक ऐकू आली म्हणे, मला तर नाही आली. आणि तिथं, माधवी_उ, एका बंद दुकानाच्या पायरीवर एक चाचा भट्टी पेटवून बसलेले. कथील, नवसागर, हातात कापसाचा बोळा. समोर हॉटेलातली पातेली उलटी मांडलेली. फक्त रविवारी बसतात, दुकान उघडलं की उठावं लागतं म्हणून दहाच्या आत. डबे घेऊन या, चालत या.

माधवी_उ

अगं बाई! धन्यवाद दादा. घंगाळ मोठं आहे हो, चालत कसं आणू?

औसारोड

साडेआठला पार्किंग मिळतं का तिथं? मी आणतो ताई तुमचं घंगाळ. माझीही दोन पातेली आहेत.